अंग आखडलेलं असताना योगाभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमचा सकाळचा योगवर्ग भरतो. येणारे बहुतेक मराठी घरांतले, काही गुजराती शेजारणी. वय ३५ ते ७५. चपला काढताना, सतरंजी अंथरताना, वर्ग संपल्यावर जिन्यात उभं राहून जे प्रश्न मला विचारले जातात ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः ४१व्या वर्षी सुरुवात केली. त्याआधी १८ वर्षं टेबलाशी बसून हिशेब लिहिले होते. उभं राहून वाकले की बोटं गुडघ्याच्या खाली चार बोटांवर थांबत, त्यापुढे एक तसूभर जात नसत. त्यामुळे यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न मी कधी ना कधी स्वतःही विचारलेला आहे.

माझं शरीर अगदी लाकूड झालंय. घरी थोडं मोकळं करून मग वर्गाला येऊ का?

पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरणार नाही, असं म्हटल्यासारखं झालं हे. जसं आहे तसं शरीर घेऊन या. पुण्यात १९३७ पासून शिकवणारे बी. के. एस. अय्यंगार लहानपणी आजारपणांनी अगदी खंगून गेले होते. पुढे त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या यांचा आसनांसाठी जो पद्धतशीर वापर रूढ केला, त्यातला विचार साधा आहे: ज्याचा हात जमिनीपर्यंत पोहोचत नाही त्याच्या हातापर्यंत जमीन वर आणायची. आमच्या माडीवर ठोकळ्यांच्या जागी रद्दीचे घट्ट बांधलेले गठ्ठे आहेत. काम तेच होतं.

ज्याचं अंग मुळातच लवचीक असतं तो आसनाच्या शेवटच्या स्थितीत पटकन जाऊन बसतो आणि वाटेत काय काय होतं ते त्याला कळत नाही. आखडलेल्या माणसाला वाटेतला प्रत्येक टप्पा कळतो. हे मी समजूत काढायला म्हणत नाही, इतक्या वर्षांत वर्गात पाहिलेलं सांगते आहे.

आखडणं म्हणजे आत नेमकं काय होतं?

आपण सर्रास ‘शीर आखडली’ म्हणतो, पण बहुतेक वेळा ती शीर नसते. स्नायू असतो, त्याच्याभोवतीचं पातळ आवरण असतं किंवा स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा असतो. वर्षानुवर्षं खुर्चीत गुडघे दुमडून बसलं की मांडीमागचे आणि जांघेतले स्नायू तेवढ्याच लांबीत काम करायला सरावतात. सांध्याचंही तसंच. सांध्यातलं वंगण हालचालीने फिरतं, बसून राहिलं की सांधा कुरकुरतो.

पण यापेक्षा मोठा भाग मज्जासंस्थेचा आहे आणि तो समजला की अभ्यासाची पद्धतच बदलते. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, ते आठवा. स्नायू झटकन ताणला गेला की तो ताबडतोब उलटा आवळतो. ही शरीराची राखण आहे. आपण आसनात हिसका देतो, वरखाली झोके देतो, तेव्हा हीच राखण जागी होते आणि जो स्नायू सैल व्हावा म्हणून आपण धडपडतो तोच घट्ट होतो. उलट, हळूहळू जाऊन तिथे शांत श्वास घेत थांबलं की काही क्षणांत ती आवळ सुटायला लागते. पहिल्या काही आठवड्यांत जो फरक दिसतो तो स्नायूची लांबी वाढल्यामुळे फारसा नसतो. मेंदू त्या ताणाला घाबरेनासा होतो, म्हणून तो दिसतो. माझ्या शिकवण्याचं सगळं सूत्र एवढंच आहे: शरीराला भरवसा वाटला की ते सोडतं. ओढलं की धरून ठेवतं.

आणि कधी कधी खरोखरच नस ओढली जात असते. पाय लांब करून वाकल्यावर मांडीमागे ताण आला की वाकलेली मान हलकेच वर करून पाहा. पाठ, पाय जागचे हलवायचे नाहीत. मान उचलताच ताण एकदम कमी झाला, किंवा ताणाबरोबर झिणझिण्या, चटका जाणवत असेल, तर ती नस आहे. नसेला ताणून धरलेलं आवडत नाही. तिथे थोडं मागे या, गुडघा वाकवा.

ताण किती घ्यायचा आणि किती वेळ थांबायचं?

सोळा आण्यांतला दहा आणे ताण. ताण जाणवला पाहिजे, पण चेहरा शांत राहिला पाहिजे. सगळ्यात खरी खूण श्वासाची. श्वास अडखळला, दात आवळले गेले, डोळे घट्ट मिटले, की तुम्ही एक पाऊल जास्त पुढे गेलात. तिथून दोन बोटं मागे या आणि श्वास पुन्हा लांब होईपर्यंत थांबा.

वेळेचं म्हणाल तर एका बाजूला साधारण अर्धा मिनिट, म्हणजे पाच-सहा सावकाश श्वास. वयस्करांनी मिनिटभर थांबलं तर अधिक चांगलं. घड्याळाकडे बघू नका, श्वास मोजा. सोडताना जरा जास्त वेळ लावा, कारण श्वास सोडताना शरीर आपोआप सैलावतं. पतंजलींनी योगसूत्रांत ‘स्थिरसुखमासनम्’ (आसन स्थिर आणि सुखाचं असावं) म्हटल्यावर लगेच पुढच्या सूत्रात ते कसं साधतं ते सांगितलं आहे, आणि त्यातला पहिलाच शब्द ‘प्रयत्नशैथिल्य’ आहे. म्हणजे प्रयत्न ढिला करणं. ते सूत्र बसण्याच्या आसनाविषयी आहे हे खरं, पण आखडलेल्या माणसाने ते रोज सकाळी एकदा म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

पश्चिमोत्तानासनात (पाय समोर लांब करून बसून पुढे वाकताना) हात पायांपर्यंत पोहोचतच नाहीत. काय करू?

पोहोचवू नका. या आसनात माणसं पायाचा अंगठा पकडायच्या नादात पाठीची कमान करतात, खांदे कानाशी नेतात, आणि ज्या मांडीमागच्या स्नायूंसाठी आसन करायचं ते तसेच राहतात. सगळा भार कमरेच्या मणक्यांवर येतो.

असं करून पाहा. चादर चार पदरी घडी करून तिच्या कडेवर बसा, बूड जमिनीपासून चार-पाच बोटं वर येईल इतकं. हाताने दोन्ही बाजूंचं मांस जरा मागे-बाहेर सारा, म्हणजे बसायची हाडं चादरीला नीट टेकतील. आता गुडघे वाकवा, लाजू नका, हवे तेवढे वाकवा. जुनी ओढणी तळपायांभोवती घाला, तिची टोकं दोन हातांत धरा, कोपरं सैल. मग पोट मांडीकडे न्यायचं. डोकं गुडघ्याकडे न्यायचं नाही. ओटीपोटाचं हाड पुढे कललं की मांडीमागे, मधोमध, एक रुंद ताण जाणवेल. तीच जागा. पाठ लांब राहिली तर गुडघे वाकलेले असूनही तुमचं आसन बरोबर आहे. काही आठवड्यांनी टाचा हळूहळू पुढे सरकवत न्यायच्या.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, कारण ती मला अजून टोचते. मला अभ्यास सुरू करून दोन वर्षं झाली होती. एका शिबिरात मी या आसनात असताना शिकवणाऱ्यांनी मागून येऊन पाठीवर दोन्ही तळहात ठेवले आणि ‘सोडा, सोडा’ म्हणत दाबलं. उजव्या बाजूला बसायच्या हाडापाशी टक् असं काहीतरी झालं. त्या दिवशी फारसं दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर बसता येईना. मांडीमागचा स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथला कंडरा दुखावला होता, आणि पुढचे आठ महिने खुर्चीत बसले की तिथे खडा रुतल्यासारखं होई. कंडऱ्याला रक्तपुरवठा कमी असतो, तो सावकाश बरा होतो. तेव्हापासून आमच्या वर्गात कुणीही कुणाला दाबत नाही. मी हात लावते तो फक्त दिशा दाखवायला, आणि तोही विचारून. तुमच्या बसायच्या हाडापाशीच दुखत असेल तर पुढे वाकणं काही दिवस थांबवा. तिथे ताण देऊन ते बरं होत नाही, उलट चिघळतं.

मांडी घालून बसताच येत नाही. गणपतीच्या पूजेला पाटावर बसायचं आहे!

श्रावण लागला की हा प्रश्न येतोच. गुजराती मैत्रिणी तिला पलांठी म्हणतात, आपण मांडी. अडचण दोन्हीकडे एकच.

मांडी घालताना गुडघे वर राहतात म्हणून लोक गुडघे खाली दाबतात. गुडघ्याचा यात काही दोष नसतो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा आहे, दुमडतो आणि उघडतो, वळण त्यात फार थोडं. मांडी बाहेरच्या बाजूला वळायची ती खुब्यातून. खुबा वळत नसेल आणि तुम्ही पाऊल ओढून मांडीवर चढवलंत, तर उरलेलं वळण गुडघ्याकडून वसूल होतं. तिथली गादी आणि बंध मग दुखावतात. म्हणून आमच्याकडे पद्मासनाची घाई नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला चिमूटभर जरी दुखलं तरी तिथून मागे यायचं, यात तडजोड नाही.

उपाय उंचीचा आहे. बूड गुडघ्यांपेक्षा वर हवं. निवृत्त झालेले एक काका वर्गात आले तेव्हा त्यांना सतरंजीवर दोन मिनिटं बसवत नसे, पाठ मागे कोसळे. त्यांना आम्ही दोन उशा आणि त्यावर घडीची चादर दिली, दोन्ही गुडघ्यांखाली गुंडाळलेले पंचे. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसले. महिन्याने एक उशी काढली. सोबत रोज पाठीवर निजून एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवून ती मांडी पोटाकडे घेणं, आणि भिंतीला पाठ लावून बद्धकोनासन, म्हणजे तळपाय एकमेकांना जोडून गुडघे बाजूला सोडून बसणं. त्या वर्षी गणपतीच्या प्राणप्रतिष्ठेला ते पाटावरच बसले, पाटाखाली दोन विटा ठेवून. गुरुजींची काही हरकत नव्हती. पुढच्या वर्षी विटांची गरज पडली नाही. उठताना मात्र ते अजून एका हाताने खांब धरतात, आणि ते योग्यच आहे.

माझ्या आजेसासूबाई ८०व्या वर्षी उकिडव्या बसून भाजी निवडतात. मला चाळिशीत का जमत नाही?

कारण त्यांनी ते बसणं कधी सोडलंच नाही. चूल, मोरी, जातं, अंगण, सगळं जमिनीवर. दिवसातून पन्नास वेळा खाली आणि वर. आपण ओटा, खुर्ची, कमोड यांच्यात वाढलो. जी हालचाल रोज होत नाही ती शरीर आवरून ठेवून देतं.

उकिडवं बसताना बहुतेकांचं अडतं ते घोट्यात आणि पोटरीत. टाचा उचलल्या जातात, तोल मागे जातो. टाचांखाली गुंडाळलेली चादर घाला, समोर खिडकीचे गज किंवा जड टेबलाचा पाय धरा आणि पाच श्वास बसा. दिवसातून तीन-चार वेळा केलंत तर चादर हळूहळू पातळ करता येईल. गुडघ्यांची झीज असेल तर मात्र खुर्चीवरून सावकाश उठणं-बसणं हाच तुमचा व्यायाम. तो कमी प्रतीचा नाही.

सकाळी अंग फारच ताठ असतं. सकाळी करू की संध्याकाळी?

सकाळचा ताठपणा खरा आहे, तुमचा आळस नव्हे. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं. शिवाय रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते. फुगलेल्या गादीवर खोल वाकण्याचा ताण जास्त येतो. त्यामुळे उठल्यावर पहिल्या तासाभरात कंबर गोल करून खोलवर पुढे वाकू नका, कंबरदुखी असेल तर मुळीच नाही.

आमचा वर्ग सहाला असतो म्हणून क्रमच तसा लावला आहे: आधी घोटे, मनगटं, खांदे फिरवणं, मग मार्जरासन (हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणं), मग उभ्याची आसनं, आणि पुढे वाकण्याची सगळ्यात शेवटी. संध्याकाळी अंग मोकळं असतं, आसनं छान होतात, पण पोट रिकामं नसतं आणि पाहुणेही येतात. जी वेळ रोज पाळता येईल ती तुमची वेळ. डिसेंबर-जानेवारीत बडोद्याची थंडी मुंबईकरांना खोटी वाटते, पण माडीवरची फरशी बर्फासारखी होते. तेव्हा पायात मोजे घालून पहिली दहा मिनिटं करा आणि उभ्या आसनांच्या आधी ते काढा, नाहीतर पाय घसरेल. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. अंग लवकर सुटतं म्हणून त्या दिवसांत लोक जास्त ओढतात आणि दुसऱ्या दिवशी लंगडत येतात. तेव्हाही दहा आणेच.

उत्तरायण झालं की मान धरते आणि नवरात्र झालं की पोटऱ्या. काय करायचं?

हा खास आपल्या गावचा प्रश्न. १४ आणि १५ जानेवारीला गच्चीवर दिवसभर मान मागे टाकून पतंग बघायचे, वर हाताने मांजा ओढायचा. मानेच्या मागचे सांधे तासन्‌तास चेपलेले राहतात, पुढचे स्नायू थकून जातात. दुसऱ्या दिवशी सर्वांगासन, हलासन करू नका. मान आधीच दमलेली असते, त्यात तिच्यावर अंगाचा भार कशाला? पाठीवर निजा, डोक्याखाली पातळ घडी, हनुवटी किंचित आत, आणि मान सावकाश उजवी-डावीकडे वळवा, कडेपर्यंत न नेता. मग छातीमागे आडवी गुंडाळलेली चादर घेऊन पाच मिनिटं पडून राहा, हात बाजूला पसरून. शेकही चालतो. दोन-तीन दिवसांत सुटते. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली वाटत असेल तर आसनं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

गरब्याचं वेगळं. मोठ्या मैदानावर अनवाणी, नऊ रात्री, एकाच दिशेने वर्तुळात. नवरात्राच्या दोन आठवडे आधीपासून पोटऱ्या तयार करा: भिंतीला हात लावून टाचा वर-खाली, रोज पंधरा-वीस वेळा. गरबा खेळून आल्यावर रात्री एक वाजता जोरजोरात ताणायला जाऊ नका. भिंतीला पाय लावून दहा मिनिटं निजा, बस. आणि सवय नसताना खेळलात तर एक-दोन दिवसांनी जो ठणका लागतो तो बहुधा स्नायू दमल्याचा. हलकं चालण्याने तो लवकर ओसरतो. पण एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर तो ठणका समजून घरी बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

वर्षानुवर्षं करूनही एखादं आसन जमत नसेल तर?

मग कदाचित ते तुमच्या हाडांत नाही. खुब्याची वाटी कुणाची उथळ, कुणाची खोल. मांडीच्या हाडाची मान कुणाची एका कोनात, कुणाची दुसऱ्या. हाडाला हाड लागलं की पुढे वाटच नसते, तिथे कितीही वर्षं ताणा. फरक ओळखायचा असा: स्नायू अडवत असेल तर सांधा ज्या बाजूने उघडतो तिथे ताण जाणवतो. हाड अडवत असेल तर सांधा ज्या बाजूने मिटतो तिथे काहीतरी दबल्यासारखं, ठेचल्यासारखं वाटतं. जांघेत असं दबल्यासारखं वाटलं की पाय जरा बाहेर घ्या, कोन बदला, वाट मिळते का पाहा. नाही मिळाली तर ते आसन सोडून द्या. मला संपूर्ण पद्मासन येत नाही आणि येणारही नाही. सिद्धासनात मी तासभर बसते.

किती दिवसांत फरक पडेल?

रोज वीस मिनिटं केलंत तर तीन-चार आठवड्यांत रोजच्या कामांत जाणवेल: मोजे घालताना, स्कूटरवर टांग टाकताना, मागे वळून बघताना. आसनात दिसायला त्याहून वेळ लागतो. कंडरे आणि बंध स्नायूंपेक्षा खूप सावकाश बदलतात, त्यांना महिने लागतात. आठवड्यातून एकदा दीड तास करण्यापेक्षा रोज थोडं करणं केव्हाही बरं. मधे आजारपण, लग्नसराई, प्रवास आला की पुन्हा ताठ व्हाल. त्यात मागे गेल्यासारखं वाटून घेऊ नका, दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा लवकर सुटतं.

एक विनंती. प्रगती मोजायचीच असेल तर बोटं कुठे पोहोचली ते मोजू नका. त्याच जागी गेल्या महिन्यात किती श्वास शांत बसत होतात आणि आज किती, ते मोजा.

मधुमेह, थायरॉईड, रक्तदाब आहे. त्याचा आखडण्याशी संबंध असतो का?

असतो, आणि हे वर्गात येण्याआधीच सांगा. मधुमेहात बोटं, खांदे ताठ होण्याचं प्रमाण जास्त असतं. खांदा गोठणं हा प्रकार तर मधुमेह्यांत बराच दिसतो. हात मागे नेऊन ब्लाउजचं हूक लावता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, अशी सुरुवात होते. तो बरा व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. त्यात ओढाताण केली तर दुखणं वाढतंच. थायरॉईड कमी काम करत असेल तर स्नायू जड, दुखरे वाटतात. ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी असेल तरी अंग ठणकतं. अशा वेळी आसनं बदलून उपयोग नाही, रक्त तपासायला हवं.

रक्तदाब ताब्यात नसेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली असणारी आसनं नकोत. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठ गोल करून जोराने पुढे वाकणं आणि जोराचे पीळ टाळायचे, कारण मणका दबून मोडण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी उभ्याची आसनं आणि भुजंगासनाचा सौम्य प्रकार.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. सकाळी बोटांचे सांधे सुजलेले असतात आणि ताठपणा तासभर टिकतो, तर तो आमवाताचा प्रकार असू शकतो. आणि घरातला तरुण मुलगा म्हणत असेल की कंबर पहाटे दुखून जाग येते, हिंडलं-फिरलं की बरं वाटतं, विश्रांतीने उलट वाढतं, आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं आहे, तर त्याला योगवर्गाच्या आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या. ‘मोबाइल घेऊन लोळतो म्हणून’ असं म्हणून या मुलांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

तेल लावल्याने, गरम पाण्याने, खाण्याने फरक पडतो का?

गरम पाण्याने पडतो, आंघोळ करून आलात तर पहिली दहा मिनिटं सोपी जातात. तिळाच्या तेलाने चोळणंही छान, पण तो शेक आणि चोळण्याचा आराम आहे, तेल सांध्यात शिरत नाही. खाण्याचं सांगायचं तर पोट हलकं हवं, एवढंच. रविवारी सेव-उसळ खाऊन सोमवारी अंग आखडतं, ही तक्रार मला मान्य नाही.

माझी मुलगी नको तितकी लवचीक आहे. ती भाग्यवान ना?

तिच्याकडे लक्ष ठेवा. कोपर, गुडघे उलट दिशेने वाकत असतील, अंगठा सहज मनगटाला टेकत असेल, तर तिला ताणण्याची नाही, ताकदीची गरज आहे. अशा मुलींना शिक्षक कौतुकाने पुढे बसवतात, त्या आणखी खोल जातात आणि विशीत सांधे दुखायला लागतात. तिला सांगा, शेवटपर्यंत जाऊ नकोस, दोन बोटं अलीकडे स्नायू आवळून थांब.

ताकदीची गरज ताठ माणसालाही असते. पोट, पाठ, पृष्ठभाग दुबळे असले की मांडीमागचे स्नायू त्यांचं काम ओढून नेतात आणि सतत आवळलेले राहतात. सेतुबंधासन, शलभासन, उत्कटासन अशी ताकदीची आसनं करायला लागल्यावर कित्येकांचं पुढे वाकणं आपोआप सुधारतं.

आसनांतच वर्षं गेली तर प्राणायाम, ध्यान कधी?

आजपासून. खुर्चीत पाठ सरळ ठेवून बसा, तळपाय जमिनीला टेकलेले. श्वास लांब करायला कुठलाही सांधा सुटायची वाट बघावी लागत नाही.

या प्रश्नाला बडोद्याशी जोडलेली एक आठवण आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे १८८३ साली इथून जवळच डभोईला जन्मले. १९०७ ते १९१० या काळात ते बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले, पुढे नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे योग. आणि मग १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्याच इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली (पोट आत ओढण्याच्या आणि पोटाचे स्नायू फिरवण्याच्या योगक्रिया) करताना शरीरात काय घडतं ते तपासून पाहिलं. १९२४ मध्ये कैवल्यधाम उभं राहिलं. आखाडा, गुरू आणि प्रयोगशाळा या तिन्ही वाटा चाललेला माणूस आपल्या पंचक्रोशीतला. मला यातून घ्यावंसं वाटतं ते हे की शरीराला विचारत, तपासत पुढे जायचं. कुणी सांगितलं म्हणून गुडघा मोडून घ्यायचा नाही.

मी ६८ वर्षांची आहे. खाली बसले तर उठता येत नाही. येऊ का?

या. चार खुर्च्या कायम मागच्या भिंतीला लावलेल्या असतात. ताडासन, वीरभद्रासन खुर्ची धरून होतं. पुढे वाकणं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून होतं. पीळ तर खुर्चीत बसूनच उत्तम होतो. शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही एक गोष्ट सगळ्यांकडून करून घेतो: जमिनीवरून उठणं. कुशीवर वळायचं, हाताने रेटून गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे ठेवायचं, खुर्ची धरायची, उठायचं. हे ज्या दिवशी एकटीला जमतं त्या दिवशी न्हाणीघरात पडायची भीती अर्धी होते, असं वर्गातल्या एका आजींनीच मला सांगितलं.

पहिल्या दिवशी काय काय आणू?

सतरंजी किंवा चटई, एक जाड चादर, एक जुनी ओढणी किंवा पंचा, पाण्याची बाटली. सैल कपडे, पण पायघोळ नकोत, पायात येतात. डॉक्टरांचे जुने कागद असतील तर तेही. पोट रिकामं, चहा घेतलात तर अर्धा कप. चपला जिन्याखाली काढा. जिना जुना आहे, पायऱ्या उंच आहेत, दोर लटकवलेला आहे, तो धरून वर या.